पदवीच्या हिस्पॅनिक विद्यार्थ्यांना मेंदू-संशोधनासाठी कसं तयार करावं: एका प्रश्नाचं सविस्तर उत्तर

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दीड वर्षापूर्वी तुम्ही दक्षिण टेक्ससमधल्या एका विद्यापीठात सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झालात. मेंदूच्या जिवंत कापांमधून चेतापेशींचे विद्युत-संकेत टिपणारी तुमची लॅब आहे. पदवीचे पाच विद्यार्थी आले, पाचही हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळांच्या कुटुंबांतले. सेमिस्टर संपेपर्यंत त्यांतले तीन गळले. उरलेल्या दोघांना उन्हाळ्यात दहा आठवडे बाहेरच्या मोठ्या विद्यापीठात पाठवायचं तुमच्या मनात होतं, पण दोघंही ‘बघतो’ म्हणाले आणि अर्जाची तारीख निघून गेली. ‘मुलं हुशार आहेत, पण चिकाटी कमी पडते. त्यांच्यासाठी कोणता प्रशिक्षण कार्यक्रम सुरू करू?’ असं तुम्ही विचारलंय.

‘चिकाटी’ या शब्दाशी मी थबकले. सोळा वर्षांपूर्वी सीमेवरच्या विद्यापीठात लॅब सुरू केली तेव्हा माझ्याही वहीत हाच शब्द होता. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा होता. गणितात पक्का, हात अगदी स्थिर. सकाळी आठला यायचं ठरलेलं असायचं आणि आठवड्यातून दोनदा तरी तो साडेनऊला यायचा. मी एकदा बोलले, मग ईमेल केली, शेवटी त्याची जागा दुसऱ्या कुणाला दिली. काही महिन्यांनी कॅन्टीनमध्ये भेटला तेव्हा कळलं की त्याचं घर नदीपलीकडे, मेक्सिकोत आहे. जन्मानं तो अमेरिकन नागरिक, पण भाडं तिकडे परवडतं म्हणून कुटुंब तिकडे राहतं. रोज पहाटे उठून तो पुलावरच्या रांगेत उभा राहायचा, आणि ती रांग कधी वीस मिनिटांची असते, कधी दोन तासांची. मी कधी विचारलं नव्हतं, आणि बाईंसमोर कारणं सांगणं त्याला उद्धटपणाचं वाटलं होतं. आज तो शाळेत विज्ञान शिकवतो आणि फार चांगलं शिकवतो. पण संशोधनाकडे यायची त्याची वाट माझ्या दारात बंद झाली, हे मी विसरलेले नाही.

म्हणून कार्यक्रमाचं नंतर बघू. आधी तुमच्या पाच जणांचा एकेक आठवडा कागदावर मांडा. वर्ग किती वाजता, नोकरी कुठे आणि किती तास, धाकट्या भावंडांना शाळेतून कोण आणतं, आजीला डायलिसिसला कोण नेतं, गाडी एकाची की घरातल्या तिघांत मिळून एक. हे सगळं प्रेमानं विचारा, चौकशीच्या सुरात नको. एवढं मांडलं की संशोधनासाठी उरलेले तास दिसतात. माझ्याकडे ते बहुधा आठ ते बारा भरतात, आणि तेही सलग नसतात.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगते. ‘हिस्पॅनिक’ हा जनगणनेचा शब्द आहे, माणसाचा नव्हे. आताची सीमा आखली जाण्याआधीपासून रिओ ग्रांदे या सीमेवरच्या नदीच्या काठावर राहणारी कुटुंबं, गेल्या दहा वर्षांत होंडुरासहून आलेली कुटुंबं, मायामीतले क्यूबन, १९१७ पासून अमेरिकन नागरिक असलेले पोर्तो रिको या कॅरिबियन बेटाचे लोक, सगळे या एका शब्दाखाली येतात. पदवीच्या विद्यार्थ्यांत किमान २५ टक्के हिस्पॅनिक असले की विद्यापीठाला ‘हिस्पॅनिक-सर्व्हिंग इन्स्टिट्यूशन’ म्हणता येतं, पण त्या पाटीवरून तुमच्या पाच जणांबद्दल काहीच कळत नाही. त्यांतली एखादी डॉक्टरांची मुलगी असेल, एखाद्याचे वडील संत्र्याच्या बागेत राबत असतील. दोघांना एकच उपाय लागू करू नका.

आपल्यासारख्यांसाठी इथे आणखी एक खड्डा आहे. मी मिरजेच्या मराठी शाळेतून आले. अकरावीत सगळं विज्ञान एकदम इंग्रजीत सुरू झालं तेव्हाची घुसमट मला आठवते. त्यामुळे सुरुवातीला वाटायचं, मला या मुलांचं कळतं, मी केलं तसं हेही करतील. पण तुम्ही-मी इथे पोचलो ते अनेक चाळण्यांतून. पीएचडी करताना आपल्याला विद्यावेतन होतं आणि घर हजारो मैल दूर होतं. रात्री अकरापर्यंत लॅबमध्ये बसलो तर कुणाचं काही अडत नव्हतं. या मुलांचं घर वीस मिनिटांवर असतं आणि ते घर त्यांच्यावर चालतं. आपल्या कष्टांचं माप लावून त्यांची निष्ठा मोजायची नाही, एवढं मी शिकले.

पैशाबद्दल स्पष्ट बोलते, कारण प्राध्यापक याच विषयाला बगल देतात. ‘आधी एक सेमिस्टर फुकट काम करू दे, आवड दिसली तर पगार देऊ’ ही पद्धत या विद्यार्थ्यांसाठी दार लावून घेण्यासारखी आहे. आठवड्याचे दहा तास फुकट म्हणजे दुकानातला दहा तासांचा पगार बुडाला, आणि तो पगार घरभाड्यात जातो. पहिल्या दिवसापासून तासाचे पैसे द्या. नवी लॅब उभारायला विद्यापीठानं दिलेल्या तुमच्या स्टार्टअप निधीतून द्या. विद्यार्थी फेडरल वर्क-स्टडी या सरकारी योजनेला पात्र असेल तर पगाराचा मोठा वाटा तिथून येतो, आणि लॅबमधली कामं त्यात बसवता येतात. आर्थिक मदत कार्यालयातल्या एखाद्या जाणत्या माणसाशी ओळख करून घ्या. तिथल्या एका बाईंनी माझ्या लॅबसाठी जितकं केलंय तितकं कुठल्या अनुदानानं केलं नसेल.

मोठ्या योजनांचं सध्या अवघड आहे. एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेची ‘मार्क’ योजना १९७०च्या दशकापासून पदवीच्या विद्यार्थ्यांना विद्यावेतन देत होती. २०१० मध्ये खास न्यूरोसायन्ससाठी ‘ब्लूप्रिंट एन्ड्युअर’ आली. त्यातूनच पोर्तो रिको विद्यापीठाच्या सान हुआनमधल्या रिओ पिएद्रास कॅम्पसवर ‘न्यूरोआयडी’ हा प्रशिक्षण कार्यक्रम उभा राहिला. २०२५ मध्ये एनआयएचनं या प्रकारच्या अनेक योजना बंद केल्या, आणि त्याच वर्षी शिक्षण खात्यानं हिस्पॅनिक-सर्व्हिंग संस्थांची स्पर्धात्मक अनुदानंही थांबवली. मला याचं खूप वाईट वाटतं. त्या योजनांतून आलेली मुलं आज स्वतःच्या लॅब चालवताना मी पाहते आहे. म्हणून तुम्हाला सांगते, एका अनुदानाच्या भरवशावर कार्यक्रम उभारू नका. दोन विद्यार्थी, त्यांचा नियमित पगार आणि तीन वर्षं टिकेल अशी व्यवस्था, एवढ्यावर सुरुवात करा.

निधीच्या अटींमध्ये नागरिकत्वही येतं. एनआयएचची प्रशिक्षण अनुदानं आणि एनएसएफ या सरकारी विज्ञान-निधी संस्थेचे ‘आरईयू’ नावाचे उन्हाळी संशोधन कार्यक्रम अमेरिकन नागरिक किंवा कायम रहिवासी यांच्यासाठीच असतात. लहानपणी कागदपत्रांविना अमेरिकेत आणलेल्यांसाठीच्या २०१२ च्या डाका धोरणाखाली काम करण्याची परवानगी मिळालेल्यांना विभागाच्या पैशातून पगार देता येतो, पण या योजनांत बसवता येत नाही. तुमच्या पाच जणांत असं कुणी असू शकतं. विद्यार्थ्याला कागदपत्रांबद्दल कधीही विचारू नका. कुठल्या संधीला काय अट आहे आणि अटीविना काय उपलब्ध आहे, हे सगळ्यांसमोर एकदाच सांगा. ज्याला विचारायचं असेल तो नंतर एकटा येऊन विचारतो.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते: तुमच्या लॅबचं काम त्यांच्या तासांत कसं बसवायचं.

पॅच-क्लॅम्पचा, म्हणजे बारीक काचनळीनं एकेक चेतापेशी पकडून तिचे संकेत टिपण्याचा, दिवस तुम्हाला मी सांगायला नको. तीनशे मायक्रॉनचा काप काढायचा, ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड सोडलेल्या द्रावणात तासभर स्थिरावू द्यायचा, मग पाच-सहा तास जेवढ्या पेशी हाती लागतील तेवढ्या. अकराला ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि तीनला दुकानातली पाळी असलेल्या मुलीनं हे कसं करायचं? ती येते, कुणाच्या तरी मागे उभी राहून बघते, पेशी पकडायची वेळ येते तेव्हा तिच्या वर्गाची वेळ झालेली असते. दोन महिने नुसतं बघून ती सोडून जाते. तुमचे तिघं असेच गेले असतील, असा माझा कयास आहे.

माझ्याकडे उंदरांमध्ये भीतीच्या स्मृतीवर काम चालतं. त्यात विद्यार्थ्यांना पहिलं काम मिळतं ते सी-फॉसचं, म्हणजे चेतापेशी जागी झाली की तिच्यात तयार होणाऱ्या प्रथिनाचं. वर्तनाचा प्रयोग झाल्यावर साधारण दीड तासानं मेंदू स्थिर करतात, म्हणजे नुकत्याच जाग्या झालेल्या पेशींत ते प्रथिन भरपूर सापडतं. पुढचं सगळं काम तुकड्यातुकड्यांनी होतं. चाळीस मायक्रॉनचे काप एका दुपारी काढायचे, ते उणे वीस अंशांवर महिनोन्‌महिने टिकतात, म्हणजे परीक्षेच्या आठवड्यात काही बिघडत नाही. एका संध्याकाळी अँटिबॉडी घालून काप रात्रभर चार अंशांवर ठेवायचे, दुसऱ्या दिवशी दोन-अडीच तासांत पुढची पायरी, मग काचपट्ट्या, मग सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी. मोजणाऱ्याला कुठला उंदीर कुठल्या गटातला हे माहीत नसतं. दहा तुटक तास त्यात नीट बसतात.

दुसरं, प्रत्येकाला मेंदूतला एक भाग देते. एकीला अमिग्डालाचा एक कोपरा, दुसऱ्याला प्रीफ्रंटल भागातला इन्फ्रालिंबिक पट्टा. ‘हा तुझा. यातला आकडा चुकला तर तू सांगायचं, बरोबर आला तरी तूच सांगायचं.’ लॅब मीटिंगमध्ये त्या भागाबद्दल प्रश्न आला की मी उत्तर देत नाही, त्यांच्याकडे बघते. दीडेक महिन्यात फरक जाणवतो. एक मुलगी पहिलं अख्खं सेमिस्टर मीटिंगमध्ये बोलली नव्हती. एके दिवशी माझं वाक्य मध्येच तोडून म्हणाली, “मिस, तो आकडा डाव्या बाजूचा आहे.” इकडची मुलं शिक्षिकेला मिस म्हणतात. त्या दिवशी मी घरी आनंदात गेले.

तुमच्या लॅबमध्ये सी-फॉस नसेल तर नोंदवलेल्या पेशी बायोसायटिन या खूण करणाऱ्या द्रव्यानं भरून त्यांच्या शाखांची त्रिमिती रेखाटनं करता येतील. पूर्वी टिपलेल्या नोंदींचं पायथन या संगणक-भाषेत विश्लेषण करता येईल. अॅलन इन्स्टिट्यूटनं उंदराच्या दृष्टी-केंद्रातल्या नोंदींचा मोठा साठा सर्वांना खुला केलाय, त्यावर घरच्या लॅपटॉपवर रात्री दहानंतरही काम होतं. पॅच-क्लॅम्प उन्हाळ्यासाठी ठेवा. पूर्ण पगारावर, पूर्ण वेळ, तुमच्याच लॅबमध्ये. पहिल्या उन्हाळ्यात बाहेर पाठवायची घाई नको.

इथून घरच्यांकडे येते. ‘बघतो’ म्हणजे बहुधा ‘घरी विचारायची हिंमत होत नाही’. आमच्याकडच्या एका मुलीच्या आईनं मला स्पॅनिशमध्ये विचारलं होतं, “म्हणजे अजून सहा वर्षं फी भरायची?” माझं स्पॅनिश तेव्हा मोडकंतोडकं होतं, तरी एवढं सांगता आलं की इथे न्यूरोसायन्सच्या पीएचडीत फी माफ असते आणि वर दर महिन्याला विद्यावेतन मिळतं. त्या माउलीनं ते वाक्य माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मुलीला डॉक्टर करायचं हे घरात ठरलेलं, जसं आपल्याकडे ठरलेलं असतं, आणि मेडिकलच्या कर्जाची सगळ्यांनी मनाची तयारी केलेली. संशोधन हा पगारी पेशा आहे हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मुलीलाही नीटसं नव्हतं. म्हणून आता मी पहिल्याच आठवड्यात पीएचडीच्या ऑफर लेटरचा नमुना सगळ्यांना दाखवते, आकड्यांसकट.

दर वसंतात आम्ही एक संध्याकाळ ठेवतो. विद्यार्थी आपापलं पोस्टर आईवडिलांना, आज्यांना, भावंडांना समजावून देतात, ज्याला जमेल त्यानं स्पॅनिशमध्ये. खायला तमालेस हा मक्याच्या पिठाचा मेक्सिकन पदार्थ असतो आणि लहान मुलांसाठी झुरळाच्या पायातले विद्युत-संकेत ऐकवणारं साधं यंत्र. परिषदेत पोस्टर मांडण्यापेक्षा आजीला सिनॅप्स, म्हणजे दोन चेतापेशींमधला सांधा, समजावणं अवघड असतं, आणि ते जमलं की बाहेर कुठेही उभं राहता येतं. त्या संध्याकाळनंतर ‘बघतो’चं ‘जातो’ झालेलं मी अनेकदा पाहिलंय. जिथे मुलीला एकटीला पाठवायला घर बिचकतं, तिथे दोघीदोघींना एकाच ठिकाणी अर्ज करायला सांगते. तरीही नाही म्हणाले तर तो नकार मी मानते. घराजवळ राहून केलेलं संशोधनही संशोधनच आहे.

भाषेवरून एक गोष्ट मी दर वर्षी सांगते. चेतापेशी ही स्वतंत्र पेशी आहे, मज्जासंस्था म्हणजे एकसंध जाळं नव्हे, हे ज्यानं दाखवलं त्या सांतियागो रामोन इ काहालनं आपलं काम स्पॅनिशमध्ये छापलं. लहानपणी त्याला चित्रकार व्हायचं होतं, वडिलांनी कधी न्हाव्याकडे, कधी चांभाराकडे उमेदवारीला ठेवलं. १८८८ मध्ये बार्सिलोनात त्यानं पदरमोड करून स्वतःचं त्रैमासिक काढलं, पहिल्या अंकाच्या फक्त साठ प्रती. कुणी वाचेना, तेव्हा १८८९ मध्ये काचपट्ट्या घेऊन तो बर्लिनच्या परिषदेला गेला. त्या पाहून कॉलिकर हा त्या काळचा बडा शास्त्रज्ञ त्याच्या बाजूचा झाला आणि पुढे त्याचं लिखाण वाचता यावं म्हणून स्पॅनिश शिकला. १९०६ चं नोबेल काहालला गोल्जीबरोबर विभागून मिळालं. ज्या मुलांना शाळेत स्पॅनिश बोलण्यावरून टोकलं गेलंय, त्यांना या विज्ञानाचा पाया आपल्या आजीच्या भाषेत लिहिला गेला हे ऐकून काय वाटतं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. त्यानंतर मी प्रत्येकाच्या हाती पेन्सिल देते आणि सूक्ष्मदर्शकातून दिसणारी एक पेशी काढायला लावते.

पोर्तो रिकोतली उदाहरणंही द्या. जुन्या सान हुआनमध्ये समुद्राकाठी इन्स्टिट्यूट ऑफ न्यूरोबायॉलॉजी आहे. ती १९६७ मध्ये होसे देल कास्तियो यांनी स्थापली. बर्नार्ड काट्झबरोबर १९५४ मध्ये चेतासंदेश ठरावीक पुडक्यांत सुटतो हे दाखवणारे तेच देल कास्तियो. पोन्सेच्या वैद्यकीय महाविद्यालयात मिलाद आणि क्वर्क यांनी दाखवलं की भीती शमल्याची आठवण जागी होताना इन्फ्रालिंबिक पट्ट्यातल्या पेशी पेटतात. २००२ मध्ये ते ‘नेचर’मध्ये छापून आलं. माझे विद्यार्थी आज ज्या पट्ट्यात पेशी मोजतात, तो हाच. मोठं काम फक्त बॉस्टनमध्ये होतं हा समज एवढ्यानं ढिला होतो. शिवाय बेटाच्या पूर्वेला कायो सांतियागोवर माकडांची वसाहत आहे, १९३८ मध्ये भारतातून नेलेल्या चारशेवर माकडांच्या वंशजांची. २०१७ च्या मारिया वादळानं तिथली बहुतेक झाडी गेली, आणि उरलेल्या थोड्या सावलीत माकडं एकमेकांना जास्त सहन करू लागली असं संशोधकांना आढळलं. हे मी सांगते तेव्हा विद्यार्थी मला म्हणतात, “मिस, म्हणजे ती तुमच्या गावची!”

वेळापत्रकाचं थोडक्यात. दुसऱ्या वर्षी लॅबमध्ये घ्या, चौथ्या वर्षी आलेल्याला काही देता येत नाही. उन्हाळी कार्यक्रमांच्या तारखा बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत असतात, म्हणून ऑक्टोबरमध्येच एकत्र बसून अर्जातला निबंध लिहायला घ्या. पीएचडीचे अर्ज साधारण १ डिसेंबरला, मुलाखती जानेवारी ते मार्च, उत्तर १५ एप्रिलपर्यंत. बहुतेक न्यूरोसायन्स विभागांनी जीआरई ही प्रवेशपरीक्षा काढून टाकली आहे. अर्जाचं शुल्क बऱ्याच ठिकाणी माफ होतं, पण मागावं लागतं, आणि ही मुलं मागत नाहीत. तुम्ही मागा. शिफारसपत्रात ‘मेहनती आणि विनम्र’ लिहून थांबू नका. हिस्पॅनिक मुलींच्या पत्रांत ही विशेषणं मी फार वाचलीत, आणि त्यांनी निवड समितीला काहीच कळत नाही. तिनं कुठली चूक पकडली, कुठली पद्धत स्वतः बसवली, ते लिहा. सी ग्रेड असेल तर त्या सेमिस्टरमध्ये ती आठवड्याला किती तास नोकरी करत होती, हे तिच्या परवानगीनं लिहा.

जे पीएचडीला जाणार नाहीत त्यांच्याबद्दल निराश होऊ नका. काही मेडिकलला जातील, काही पदवीनंतर दोन वर्षं पगारी टेक्निशियन म्हणून राहून मग ठरवतील. माझ्याकडचे सर्वांत पक्के संशोधक या दुसऱ्या वाटेनं गेलेत. घरचं कर्ज थोडं फिटलेलं असतं आणि काय हवंय ते कळलेलं असतं.

लॅब सोडून गेलेल्या तुमच्या तिघांचे ईमेल पत्ते तुमच्याकडे असतील. या आठवड्यात त्यांना लिहा. का सोडलं असं विचारू नका. तासाला इतके डॉलर, आठवड्याला दहा तास, तास तुम्ही ठरवा, काम असं असं, एवढंच लिहा. तिघांतला एक जरी परत आला तरी त्याच्याकडून लॅबबद्दल जे ऐकाल ते मला नक्की कळवा.